लाल गाडीचं दावं

खोली भाड्यानं देण्याआधी त्यांनी मला अंगणात चालून दाखवायला लावलं.

“फाटकापासून नळापर्यंत. अन् नेहमी चालता तसे चाला, परीक्षा नाइ हाय.”

मी हातातली बॅग घेऊन नळापर्यंत गेलो आणि परत आलो. ते ओट्यावर मांडी घालून बसले होते. म्हणाले, “आता बॅग ठेवा अन् अजून एक चक्कर मारा.” मी तीही मारली. त्यांनी माझ्या पायांकडे बारकाईनं बघितलं, चेहऱ्याकडे एकदाही नाही. “उजवा पाय जराक फेकता तुमी. पण चालते,” असं म्हणून त्यांनी किल्ली दिली. पाटबंधारे खात्यात अकोल्याहून अमरावतीला बदली होऊन मला चार दिवस झाले होते आणि ते चारही मी लॉजवरच्या ढेकणांसोबत काढले होते. त्यामुळे हा अपमान मी मुकाट गिळला.

घरमालक ढोरांचे डॉक्टर होते हे मला त्यांच्या बायकोकडून, काकूंकडून कळलं. त्या पाणी घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, “मनावर घेऊ नका भाऊ. भाचीसाठी पोरगा पाहाले गेलो, तथीबी यायनं त्या पोराले असंच चालवलं. पोरगा लंगडत नव्हता, पन सोयरीक मोडली.”

सगळी नोकरी त्यांनी दर्यापूर, अंजनगाव सुर्जी आणि मोर्शी इथं काढली. मूळ घर दर्यापूरकडचं, काळ्या मातीतलं, शेतकऱ्याचं. निवृत्त झाल्यावर समोर ढोरं राहिली नाहीत, पण डॉक्टर राहिला, आणि तो कुणावर तरी चालणारच. सकाळी जिन्याखालून हाक यायची, “पाटबंधारे, रवंथ झाली का?” म्हणजे माझा चहा झाला का. माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. खात्याच्या नावानंच हाक मारत. काकूंचा फ्रिज गुरगुरायला लागला तर ते त्याला कान लावून बसत आणि “पोटात वायू धरला” असं निदान करत. थंडीत माझी मोटरसायकल सुरू होईना, मी किका मारून घामाघूम झालो, तेव्हा ते बाहेर आले आणि मला बाजूला सारून म्हणाले, “लाथा घालून कोनतं जनावर कामाले लागते?” त्यांनी टाकीवरून हात फिरवला, पाच मिनिटं नुसते उभे राहिले आणि मग एका किकेत गाडी सुरू झाली. आता हे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल निथळल्यामुळं झालं हे मलाही कळतं. पण त्या वेळी मी त्यांना नमस्कार करायचा तेवढा बाकी ठेवला होता.

त्यांचा एक बोल मी अजून वापरतो, ऑफिसातसुद्धा. बैलबाजाराची रीत सांगताना ते म्हणत, “खोड सांगून विका, गिऱ्हाईक वापस येते. खोड लपवून विका, जनावर वापस येते.”

असा माणूस स्पोर्ट्स कार घेईल असं कुणाला वाटेल? पण घेतली. मी राहायला गेलो त्याच्या आदल्याच वर्षी घेतली होती. सकाळी ते फिरायला जात त्या रस्त्यावर एका मोठ्या सर्जनचा बंगला होता. सर्जनचा मुलगा परदेशी निघून गेला आणि त्याची लाल, दोनच माणसांची गाडी पोर्चमध्ये उभी राहिली. चारी टायर बसलेले, काचेवर बोटभर धूळ, आणि बॉनेटवर मांजर व्यालेलं. डॉक्टर घरी येऊन जेवेनात. काकूंना म्हणाले, “जातिवंत जनावर हाय वो. उभ्या उभ्या मरून जाईन थे.” आठव्या दिवशी ग्रॅच्युइटीतले पैसे देऊन त्यांनी ती गाडी सोडवून आणली. हो, ते ‘विकत घेतली’ म्हणत नसत, ‘सोडवली’ म्हणत. काकूंचं म्हणणं एवढंच होतं, “मले वाटलं, एखांदी म्हैस आनतीन. म्हैस परवडली असती.”

गाडी देखणी होती, यात वाद नाही. पण ती जमिनीला इतकी लगटून चाले की अमरावतीचे गतिरोधक तिला डोंगर होते. त्यावर त्यांनी उपाय काढला होता. डिक्कीत सागवानाच्या दोन फळ्या. गतिरोधक आला की गाडी थांबायची, शेजारी बसलेल्या माणसानं उतरायचं, फळ्या काढून उतरणीसारख्या लावायच्या, गाडी पलीकडे गेली की मागून फळ्या उचलायच्या आणि पळत जाऊन बसायचं. शेजारी बसलेला माणूस म्हणजे बहुतेक वेळा मी. मागे रिक्षावाले, बुलेटवाले हॉर्न वाजवून जीव काढायचे. डॉक्टर काच खाली करून त्यांना समजवायचे, “थांबा बाप्पा, तिच्या पोटाले लागते.” एकदा चौकात माझ्या कार्यालयाचे मुख्य अभियंता त्याच खोळंब्यात सापडले आणि त्यांनी मला दोन्ही काखांत फळ्या घेऊन पळताना पाहिलं. त्यांनी ओळख दाखवली नाही. मीही दाखवली नाही.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण त्या गाडीत काकूंना बसता येत नव्हतं.

सुरुवातीला बसत. मग एका लग्नाला गेले असताना मंगल कार्यालयासमोर त्या सीटमध्ये अशा रुतल्या की उठता येईना. दोन वऱ्हाडणी आणि बँडचा ढोलवाला, अशा तिघांनी मिळून त्यांना बाहेर ओढलं. लोक हसले. काकू परत त्या गाडीत बसल्या नाहीत. पुढं दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि अस्थिरोगतज्ज्ञांनी बजावलं, खाली बसायचं नाही, पाटावर नाही, सतरंजीवर नाही. आमच्या डॉक्टरांची गाडी तर पाटापेक्षा थोडीशीच उंच होती. रिक्षा करून जा म्हटलं तर काकू म्हणत, “मी रिक्षात अन् नवरा मागून गाडीनं, वरात हाय का?” म्हणून त्यांनी बाहेर जाणंच सोडलं. दीड वर्ष. देवळात नाही, बाजारात नाही, माहेरी नाही. डॉक्टर एकटे गाडी काढत, चक्कर मारून येत आणि पुसून ठेवत. ते काकूंना ‘चला’ म्हणायचे थांबले होते, आणि काकू ‘न्या’ म्हणायच्या थांबल्या होत्या. वरच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला घरातली शांतता जास्त ऐकू येते. मला तर डॉक्टरांचा राग यायला लागला होता.

मग भाचीचा साखरपुडा आला. तीच भाची, दुसरं स्थळ. अंजनगावला. या वेळी काकू हटून बसल्या की मी जाणार. आमच्या गल्लीत अंजनगावचा एक भाजीवाला सकाळी टेम्पोनं माल आणून टाकायचा. काकूंनी परस्पर त्याच्याशी बोलणं करून टाकलं. टेम्पोची सीट उंच, पायरी रुंद. काकू जरीचं लुगडं नेसून ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या, मागे रिकामे क्रेट आणि न विकलेली कोबी. डॉक्टर बघतच राहिले. मग त्यांनी लाल गाडी काढली आणि मला म्हणाले, “बसा पाटबंधारे.”

तो प्रवास मी विसरणार नाही. पुढं टेम्पो, मागं आम्ही दोन पुरुष. टेम्पोच्या मागच्या जाळीतून काकूंचं डोकं दिसत होतं. त्या त्या भाजीवाल्याला डब्यातला चिवडा देत होत्या, हातवारे करून काहीतरी सांगत होत्या आणि हसत होत्या. खळखळून. मी त्या घरात राहायला आल्यापासून काकूंना इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

“काहून हसून राहिली थे एवढी?” डॉक्टरांनी विचारलं.

मला काय माहीत? प्रत्येक गावाच्या वेशीला गतिरोधक होता. मी उतरून फळ्या लावायचो तोवर टेम्पो धूळ उडवत पुढं जायचा आणि डॉक्टर मान उंचावून तो दिसतो का बघायचे. दर्यापूरच्या पुढं तो दिसेनासा झाला. मी फळ्या आत टाकून बसलो तर ते गाडी सुरूच करेनात.

“माह्या बायकोले कोबीवाला घेऊन चालला,” ते म्हणाले, “अन् मी हिच्या पोटाखाली फळ्या लावून राहिलो.”

तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखालून हाक आली की गाडी बदलायची आहे, अकोल्याला चला. अमरावतीत त्या गाडीला न ओळखणारा माणूस उरला नव्हता, त्यामुळे इथं कुणी उभं करेना. अकोल्याला हायवेवर जुन्या गाड्या घेऊन जुन्या गाड्या देणारं एक मोठं शोरूम होतं. मला नेण्यामागं त्यांचा तर्क असा की मी अकोल्याचा, आणि अकोल्याचा माणूस अकोल्याच्या माणसाला फसवत नाही. मी अकोल्यातच लहानाचा मोठा झालोय, त्यामुळे हे मी त्यांना समजावत बसलो नाही.

निघताना काकूंनी मला बाजूला घेतलं. “त्याईच्यावर जोर करू नका. लय जीव हाय त्याईचा तिच्यात. नाइ जमलं तर नाइ जमलं, मले सवय झाली आता.” त्या असं म्हणाल्या खऱ्या, पण दारात त्यांच्या बाहेरच्या चपला धुऊन उन्हात ठेवलेल्या मला दिसल्या. आज गाडी बदलूनच आणायची, असं मी तिथंच ठरवलं.

शोरूमची व्यवस्थापक तिशीतली, चटपटीत बाई होती. तिनं गाडीभोवती फेरी मारली, तिचे डोळे चमकले आणि मला बरं वाटलं. तेवढ्यात डॉक्टर खुर्ची ओढून बसले.

“पयले खोड ऐकून घ्या, मंग भाव बोला,” ते म्हणाले. “दुसरा गेअर लाथ मारते. उजवीकडं पूर्न वळवली का हॉर्न आपोआप वाजते. थंडी हवा फक्त डाव्या सीटले लागते, चालवनारा उकडून मरते. पान्यात डिक्की गळते. अन् खाली घासते, हे तर तुमाले दिसूनच राहिलं.”

मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. त्यांनी वाकून माझ्या पायाकडे पाहिलं आणि विचारलं, “मुंग्या आल्या का?”

व्यवस्थापकबाईंचा चेहरा पडला. प्रामाणिकपणाचं कौतुक होईल असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही गाडी कधी विकलेली नाही. “काका,” त्या म्हणाल्या, “लोक इथं येऊन आजीचीसुद्धा शपथ घेतात की गाडीत काही नाही. तुम्ही स्वतःहून इतकं सांगताय, म्हणजे याहून मोठं काहीतरी लपवताय.” आणि त्यांनी गाडी पूर्ण तपासणीसाठी मागच्या गॅरेजमध्ये पाठवली. तीन तास आम्ही तिथं बसून होतो. डॉक्टरांनी त्या वेळात तिथल्या सगळ्या गाड्या पाहिल्या आणि एका करड्या, उंच, चौकोनी गाडीपाशी थांबले. दिसायला ती अगदीच सामान्य होती. ते दार उघडून सीटवर पाठमोरे टेकले, पाय आत घेतले, पाय बाहेर काढले, उठले. परत बसले. आठ-दहा वेळा. उठताना गुडघे कितपत वाकतात ते हात लावून बघत होते. मला आतापर्यंत त्यांचा जो राग येत होता, तो तिथं संपला.

“हिची खोड काय?” त्यांनी विचारलं.

“काही नाही काका, एकदम टकाटक.”

“खोड नसलेलं जनावर बाजारात येतच नाइ, ताई.”

बाईंनी जरा विचार केला आणि आवाज खाली आणून सांगितलं, “मागची डावी काच अर्ध्यात अडकते.” डॉक्टरांचा चेहरा उजळला. “बस. आता घेतो,” ते म्हणाले.

गॅरेजमधून तपासणीचा कागद आला. त्यांनी सांगितलेल्या पाच खोडी त्यात होत्या, सहावी एकही नव्हती. बाईंनी कागदाकडे आणि मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि भाव ठरायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सह्या झाल्या. मी मनात हुश्श केलं. फार लवकर केलं.

“दोन्ही चाव्या द्या, काका.”

डॉक्टरांनी एक चावी टेबलावर ठेवली. “दुसरी मी ठेवीन.”

“तसं चालत नाही. दोन्ही जमा केल्याशिवाय मला पुढं काहीच करता येत नाही.”

“मी नाइ देत.”

“मग उद्या तुम्ही येऊन गाडी घेऊन गेलात तर?”

झालं. ते ताडकन उठले. “मी चोर हाओ का?” त्यांनी टेबलावरची चावीही उचलली आणि लाल गाडीकडे चालू लागले. मी मागून धावलो. मी त्यांना काकूंच्या गुडघ्यांची आठवण दिली, आणि तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. “समजते मले. सगळं समजते. पन आमच्या घरानं आजवर एकबी जनावर दाव्यासकट विकलं नाइ. माह्या हातून नाइ होनार,” ते म्हणाले. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, पण त्याचा उपयोग काय होता? आतली बाई चावीशिवाय ऐकणार नव्हती आणि बाहेरचा माणूस चावी देणार नव्हता.

गाडी तपासणारा मेकॅनिक तिथंच हात पुसत उभा होता. पन्नाशी उलटलेला, काळाकुट्ट माणूस. तो पुढं आला. “डॉक्टरसाहेब, तुमी दर्यापूरले होते ना? आमच्या बैलाचं पोट फुगलं तवा तुमीच आलते.”

डॉक्टरांनी त्याचा चेहरा निरखला. काही ओळख पटेना. “बैल कोनता?”

“कबरा. डाव्या शिंगाले चीर होती.”

“हो हो! लय गुनी जनावर. कसा हाय?” डॉक्टर एकदम खुलले. त्या गोष्टीला पंचवीस वर्षं तरी झाली असावीत, पण मेकॅनिक गंभीरपणे म्हणाला, “चांगला गेला, साहेब. म्हातारा होऊन गेला.”

मग तो आत वळून व्यवस्थापकबाईंना म्हणाला, “मॅडम, आमच्याकडं बैल विकला का त्याचं दावं देत नाइत. दावं गेलं का गोठ्याची बरकत गेली. नवा धनी आपलं दावं घेऊन येते. साहेब चावीले दावं समजून राहिले.”

“पण मला चावी लागतेच,” बाई काकुळतीला आल्या.

“चावी दावं नाइच हाय,” मेकॅनिक म्हणाला. “जनावर ज्यानं ओढून आनते, थे दावं.” त्यानं डिक्की उघडली, दोन फळ्या बाजूला केल्या आणि तळातून टोचन करायचा जाड दोर बाहेर काढला. काळ्या मातीत रुतलेली ती गाडी कधी ट्रॅक्टरनं, कधी कुणाच्या बैलजोडीनं याच दोरानं ओढून काढली होती. दोर मातीनं कडक झाला होता.

डॉक्टरांनी तो हातात घेतला. त्याची गुंडाळी करून ती काखेत धरली. “अन् मी चावीले धरून बसलो,” ते म्हणाले. खिशात हात घालून त्यांनी दोन्ही चाव्या बाईंच्या हातात दिल्या. गाडीच्या बॉनेटवरून एकदा हात फिरवला. फळ्या मात्र त्यांनी काढू दिल्या नाहीत. म्हणाले, त्या गाडीसोबतच जातील, त्यांच्याविना तिचं चालत नाही. आणि करड्या गाडीच्या चाव्या मिळाल्या तेव्हा त्यांना अडकवलेला शोरूमचा प्लास्टिकचा छल्ला काढून त्यांनी बाईंना परत केला. “हे तुमचं दावं. तुमी ठेवा,” ते म्हणाले. बाईंनी तो मुठीत घट्ट धरला. हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं.

परतताना मूर्तिजापूरच्या आधी पहिला गतिरोधक आला. ते सवयीनं थांबले आणि मीही सवयीनं दार उघडून एक पाय बाहेर टाकला. मग दोघंही एकमेकांकडे बघून हसत सुटलो. गाडी गतिरोधकावरून आरामात गेली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मी त्यांच्या शेजारी पाठ टेकून बसलो होतो. अंगावरचं सगळं ओझं उतरल्यासारखं झालं. बडनेरा येईपर्यंत मला चक्क झोप लागली.

घरी पोहोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. काकू दारात उभ्या होत्या. डॉक्टरांनी गाडी अंगणात घेतली, उतरून पलीकडचं दार उघडलं आणि नुसते धरून उभे राहिले. ‘चला’ म्हणायचंही त्यांना सुचेना. काकूंनी चपला घातल्या. गाडीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग सीटवर पाठमोऱ्या टेकल्या, एक पाय आत घेतला, दुसरा घेतला. कुणी हात दिला नाही, कुणी ओढलं नाही. दारही त्यांनी स्वतः लावून घेतलं.

डॉक्टर वळसा घालून आले आणि बसले.

“कुठं जाचं?” त्यांनी विचारलं.

“कुठंबी न्या,” काकू समोर बघत म्हणाल्या. “पन लवकर उतरवू नका मले.”

मी जाऊन फाटक उघडलं.